जॉइंटरचा अंगठा

टेलिफोन कंपनीच्या त्या डेपोत चाळीसेक माणसं होती आणि त्यांतली नऊ जॉइंटरचं, म्हणजे केबलीतल्या तारा जोडायचं काम करायची. पण नुसतं "जॉइंटर कुठाय?" असं कुणी विचारलं, की सगळे एकाच माणसाकडे बघायचे. बाकीच्या आठांना त्यांची नावं होती. ह्याला त्याचा धंदाच नाव म्हणून चिकटला होता.

त्याचा उजवा अंगठा बघण्यासारखा होता. पेराच्या जागी कातडं गुळगुळीत आणि टणक, वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं. चोवीस वर्षं त्यानं त्या अंगठ्याखालून तांब्याची तार ओढली होती. तार सोलताना पातं जरा जास्त लागलं तर तांब्यावर खाच पडते. ती डोळ्याला दिसत नाही. खाचेची तार आज बोलते, उद्या बोलते आणि सहा महिन्यांनी भर दुपारी तुटते. मग पुन्हा खड्डा उघडा, पाणी उपसा आणि तारांच्या दोनशे जोड्यांतून ती एक शोधत बसा. म्हणून तार सोलली की तिच्यावरून अंगठा फिरवायचा आणि मगच जोड मारायचा, ही जॉइंटर लोकांची रीत.

ही रीत त्याला एका म्हाताऱ्या उस्तादानं शिकवली होती. उस्ताद सोललेल्या दहा तारा आणायचा. त्यांतल्या तीन मुद्दाम खाचेच्या. स्वतःच्या घामट रुमालानं ह्याचे डोळे बांधायचा आणि म्हणायचा, "काढ." पहिल्या दिवशी ह्यानं तिनातली एकही काढली नाही, उलट चांगल्या चार बाजूला ठेवल्या. उस्तादानं पकडीच्या मुठीनं त्याच्या बोटांवर टोला दिला आणि रुमाल सोडून घेऊन त्याच रुमालानं नाक शिंकरलं. आठ महिन्यांनी दहाही तारा दोन श्वासांत ओळखू यायला लागल्या. त्यानंतर अंगठा कुणाचं ऐकेनासा झाला. हातात काहीही बारीक, लांब आलं की तो त्यावरून फिरायचाच. चमच्याचा दांडा, बुटाची नाडी, मुलीची पेन्सिल, काहीही.

दुसरा माणूस पलीकडचा. तांब्याच्या कामाला दोघं लागतात. एकजण रस्त्यातल्या खड्ड्यात उतरतो आणि दुसरा किलोमीटरभर लांब पेटीपाशी बसतो. कानाला हेडफोन लावून इकडचा तारांच्या जोडीचा नंबर म्हणतो, "एकशे चौदा?" तिकडचा तपासून म्हणतो, "लागली." एकोणीस वर्षं हे दोघं असे बोलत होते. दोघंही एकमेकांना पलीकडचाच म्हणायचे, कारण ज्याच्या त्याच्या दृष्टीनं समोरचाच पलीकडे असतो. पण डेपोनं ते नाव दोघांतल्या जाड्याच्या नावावर करून टाकलं, कारण त्याचा आवाज वायरीशिवायही पलीकडे पोचत असे. तारेवर दोघांच्या गप्पा संपायच्या नाहीत. जेवायच्या सुट्टीत समोरासमोर बसले की मात्र दोघंही मुके. जॉइंटरची बायको म्हणायची, "तुमच्या दोघांच्या मध्ये एक भिंत बांधून देऊ का? म्हणजे बोलाल तरी."

अशी गाडी चालली होती. मग कंपनीनं तांबं काढून टाकायचं ठरवलं.

सूचना फलकावर कागद लागला. जुन्या केबली निघणार, काचेच्या येणार. पन्नाशीच्या आतल्या सगळ्या जॉइंटर आणि लाइनमन मंडळींनी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यायचं. तिसऱ्या आठवड्याअखेर एक परीक्षा, सहाव्या आठवड्याअखेर दुसरी. दोन्हींत जो नापास होईल त्याला कामावरून काढणार नाहीत, फाटकावर बसवणार. डेपोला दोन फाटकं होती, गाड्या आत यायचं एक आणि बाहेर जायचं एक. दोन्हीकडे एकेक स्टूल आणि एकेक वही.

जॉइंटर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. कागद दोनदा वाचून तो म्हणाला, "आईनं दोन वर्षं घाई केली असती तर सुटलो असतो."

"तू फाटकावर शोभशील," पलीकडचा म्हणाला. "गप्प बसायला तुला कुठं शिकवावं लागणार आहे?"

जॉइंटर हसला नाही. खड्ड्यात उतरून उघड्या केबलीपाशी मांडी घालून बसायचं आणि संध्याकाळी ती बंद करून वर यायचं, एवढं एकच काम त्याला येत होतं. ते गेलं असतं तर तो नुसता कुणीतरी उरला असता, स्टुलावर बसलेला.

प्रशिक्षणाचा वर्ग भरायचा जुन्या गोदामात. रंग दिला होता, ट्यूबलाइट लावले होते आणि ओळीनं पांढरी टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर काळी रबरी चटई, जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन आणि स्पिरिटची बाटली. दवाखान्यासारखा वास यायचा. अकरा दांडगे बाप्ये छोट्या स्टुलांवर गुडघे वर करून बसले होते. शिकवायला आल्या त्या मॅडम सत्तावीस वर्षांच्या, म्हणजे जॉइंटरच्या मुलीपेक्षा पाचेक वर्षांनी मोठ्या. त्या सगळ्यांना सर म्हणायच्या.

"मॅडम, सर म्हणू नका," पलीकडचा म्हणाला, "मी मागं वळून बघतो कोण आलंय म्हणून."

"मग काय म्हणू?"

"काही नको. नुसतं ओरडा. आम्हाला सवय आहे."

मॅडमनी चिमट्यात धरून काहीतरी वर केलं. मागच्या दोन टेबलांना तर चिमटाच दिसला. "ही काच आहे," त्या म्हणाल्या. "केसाएवढी. हिच्यातून उजेड जातो आणि त्यातून सगळं बोलणं जातं."

"आणि हिला गाठ कशी मारायची?"

"गाठ नाही. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन वितळवून जोडतं."

"मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही टोकं तयार करायची."

आणि टोक तयार करणं हीच तर खरी गोम होती. आधी काचेवर संरक्षणाची बारीक नळी सरकवून ठेवायची. मग वरचं रंगीत आवरण सोलायचं. उघडी काच स्पिरिटच्या कागदानं पुसायची. कटरमध्ये घालून टोक सरळ छाटायचं. आणि छाटलेलं टोक कशालाही लागू न देता मशीनमध्ये ठेवायचं. बोटाचा स्पर्श झाला तरी कातड्यावरचं तेल काचेला लागतं आणि जोडापाशी उजेड सांडतो. किती सांडला ते मशीन आकड्यात सांगतं. पॉइंट शून्य पाचपर्यंत असला तर हिरवा दिवा, वर गेला की लाल.

पहिला आठवडा सगळ्यांचाच लाल गेला. दुसऱ्या आठवड्यात एकेकाचं हिरवं व्हायला लागलं. ज्यांना जॉइंटर आजवर जोड सुधारून द्यायचा तेही हिरव्यात आले. ह्याचा हात सगळ्यांत सफाईचा आणि स्थिर, तरी ह्याच्या मशीनवर दहातले सहा-सात लाल. पडद्यावर काचेची दोन टोकं मोठी होऊन दिसायची आणि टोकावर काहीतरी बुरशीसारखं चिकटलेलं असायचं.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही हात लावताय."

"मी? नाही हो."

"लावताय. छाटल्यावर."

"मॅडम, मी लावीन कशाला? तुम्ही लावू नका म्हणालात ना?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी पलीकडच्याला उठवलं आणि जॉइंटरच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टूल टाकून बसवलं. "ह्यांच्या अंगठ्याकडे बघा. काचेला लागला की सांगा."

जॉइंटरनं निळी काच सोलली, पुसली, छाटली.

"लागला!" पलीकडचा गरजला.

जॉइंटर दचकला. खाली बघितलं तर अंगठा काचेच्या टोकावरून नुकताच उतरत होता. उस्तादानं शिकवला तसाच, मुळाकडून टोकाकडे.

त्यानं दुसरी घेतली. "लागला!" तिसरी. "लागला!" वर्ग हसून लोळायला लागला. दहातून सात वेळा पलीकडच्यानं आरोळी ठोकली आणि दर वेळी जॉइंटरचा चेहरा, अंगठा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

"एकोणीस वर्षं मी ह्याला लागली म्हणतोय," पलीकडचा डोळे पुसत म्हणाला, "पण असं तोंड ह्यानं कधी केलं नव्हतं. दिसतच नव्हतं ना मला."

तिसऱ्या आठवड्याअखेर पहिली परीक्षा झाली. बारा रंग, बारा जोड, आणि पास व्हायला बाराही हिरवे हवेत. जॉइंटरनं सगळं ध्यान अंगठ्यावर ठेवलं, इतकं की दोन जोडांना संरक्षणाची नळी घालायलाच विसरला. नळी आधी घालायची असते, जोड झाल्यावर ती घालता येत नाही. शिवाय अंगठ्यानं आपलं काम केलंच. बारातले सात पास. पलीकडच्याचे तीन पास झाले आणि दोन काचा तर त्याला टेबलावर सापडल्याच नाहीत.

पलीकडच्यानं दुसऱ्या परीक्षेची वाटच बघितली नाही. सोमवारी तो आत यायच्या फाटकावर स्टूल टाकून बसला होता. गणवेशाचा शर्ट पोटावर ताणला गेला होता.

"तीन आठवडे थांबायचं होतंस," जॉइंटर म्हणाला.

"कशाला? माझी बोटं बघ. ह्या बोटांनी केस पकडायचा? मी उंदीरसुद्धा दोन हातांनी धरतो." त्यानं बाहेर जायच्या फाटकाकडे हात केला. तिथं दुसरं स्टूल रिकामं होतं. "ते तुझं. मी पुसून ठेवलंय."

"माझी अजून एक परीक्षा आहे."

"दे की. मी कुठं नाही म्हणतोय? दोन फाटकांत चाळीस पावलं अंतर आहे. मोजलंय मी. ओरडलं की ऐकू येतं."

तो चेष्टेनं बोलत होता आणि अर्धं मनापासूनही. हा नापास झाला तर त्याचे दिवस सोपे जाणार होते, आणि ते दोघांनाही कळत होतं. त्यानंतर रोज सकाळी पलीकडचा वहीत वेळ लिहिता लिहिता म्हणायचा, "स्टूल तयार आहे." जॉइंटर मान हलवून आत जायचा.

काच घरी नेता येत नव्हती. तिचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि तळपायात घुसले तर निघत नाहीत. म्हणून त्यानं केस घेतले. मुलगी विंचरून उठली की तिच्या फणीतले लांब केस काढायचे, टेबलावर काळं कापड पसरायचं आणि पुसणं, छाटणं, ठेवणं ह्यांचा सराव करायचा.

"बाबा, माझे केस गळतात म्हणून तुम्हीच ओरडत होतात ना?" मुलगी म्हणाली. "आता वेचताय."

"आणखी दोन दे. हे आखूड आहेत."

"उपटून देऊ का?"

"तुझी मर्जी."

बायको पलीकडे शिलाई मशीनवर बसलेली होती. ती घरीच शाळांचे गणवेश शिवायची, महिन्याला दीडशे-दोनशे. कपड्यांचा ढीग आणि ह्याचे केस एकाच खोलीत असल्यामुळे तिचं डोकं फिरलं होतं. "अहो, एखाद्या पोराच्या कॉलरमध्ये केस निघाला तर मी शाळेला काय सांगू? माझे यजमान शिकताहेत म्हणून?"

पण तिनंच उपाय सुचवायला सुरुवात केली. पहिला उपाय अंगुस्तानाचा. तिचं बोटाला घालायचं पितळी अंगुस्तान त्याच्या अंगठ्यात जाईना, तेव्हा तिनं जुनं मोठं शोधून काढलं. ते घातलं तर चिमटा धरता येईना. मग अंगठ्याला चिकटपट्टी लावून बघितली. वर्गात ती पट्टी लावून काम केलं तर पट्टीचे तंतू काचेला चिकटले आणि दहातले नऊ लाल झाले. मॅडम म्हणाल्या, "सर, अंगठाच बरा होता."

परीक्षेला आठ दिवस उरले. केसावरून अंगठा अजून फिरतच होता. आता फिरला की त्याला कळायचं तेवढं, पण ते फिरल्यानंतर कळायचं. त्या दिवशी दुपारी सुट्टी होती. तो काळं कापड घडी करून ठेवत म्हणाला, "फाटकावर सावली असते. पावसाळ्यात छप्पर आहे."

बायको शिवता शिवता थांबली नाही. "वीट बघा," म्हणाली.

"काय?"

"खाली. माझ्या पायाखाली."

शिलाई मशीनच्या खाली एक वीट होती. तो ती वर्षानुवर्षं बघत होता, आणि त्यामुळेच त्यानं ती कधी बघितली नव्हती. बायकोचा उजवा पाय मोटरच्या बटणावर होता आणि डावा विटेवर आपला एका ठेक्यात हलत होता, टाच, चवडा, टाच, चवडा.

"पायमशीन होतं तेव्हा दोन्ही पाय चालायचे," ती म्हणाली. "मोटर बसवली तर डावा पाय ऐकेना. मशीनच्या दांडीवर जाऊन आदळायचा, शिलाई वाकडी व्हायची. पहिल्या महिन्यात मी अकरा चड्ड्या उसवल्या. मोटर बसवणारा म्हणाला, बाई, पायाला बांधून ठेवू नका, त्याला काहीतरी द्या. मी वीट दिली. बघा, अजून हलतोय. पण माझ्या वाटेला जात नाही."

जॉइंटरनं वाकून बघितलं. विटेच्या वरच्या बाजूला टाचेएवढा खळगा पडला होता.

"तुम्ही त्या अंगठ्याला नुसतं नको नको म्हणताय," बायकोनं दोरा तोडला. "तो कसा ऐकेल? त्याची तार त्याला द्या की."

दुसऱ्या दिवशी त्यानं डेपोच्या भंगारातून तांब्याची तार घेतली, चार बोटं लांब. नीट सोलली, खाच नाही ना ते बघितलं आणि काळ्या चटईवर कटरच्या डाव्या अंगाला ठेवली. काच सोलली, पुसली, छाटली. मग काच डाव्या हातात तशीच धरून उजव्या अंगठ्यानं तांब्याच्या तारेवरून एक फेरी मारली, मुळाकडून टोकाकडे. अंगठा शांत झाला. काच मशीनमध्ये गेली. पॉइंट शून्य दोन. हिरवा.

दुसरी, पॉइंट शून्य एक. तिसरी तेवढीच. अंगठ्याला काय, त्याला त्याची फेरी मिळाली की झालं. ती कशावर मिळाली ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

मॅडमनी ते बघितलं. संध्याकाळी टेबलं आवरताना त्यांनी ती तार उचलली, स्पिरिटच्या कागदानं पुसली आणि होती त्या जागी ठेवून दिली.

उरलेल्या दिवसांत जॉइंटरचे नव्वदेक जोड झाले, त्यातले लाल चारच. फाटकावर पलीकडच्याला ह्या बातम्या आतून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मिळत होत्या. "ऐकलं ते खरं?" त्यानं विचारलं. "तू काचेला तांबं दाखवतोस म्हणे?"

"अंगठ्याला दाखवतो."

"आणि तो फसतो?"

"फसत नाही. गप्प बसतो."

पलीकडच्यानं वहीत वेळ लिहिली. त्या दिवशी स्टुलाचं काही बोलला नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात यादी. बारा जोड, तीन तास. चुकलेला जोड तोडून पुन्हा करायची मुभा दोनदा. ते टेबलाटेबलावरून यादीशी किट पडताळत आले आणि जॉइंटरपाशी थांबले.

"हे काय आहे?"

"तार."

"कसली?"

"तांब्याची."

"कशासाठी?"

ह्याचं उत्तर द्यायला चोवीस वर्षं सांगावी लागली असती. जॉइंटर म्हणाला, "अशीच."

मॅडम पुढं आल्या. "सरावात मी परवानगी दिली होती. त्यानं जोडाला काही होत नाही."

"मॅडम, यादीत नाही. टेबलावर किटमधल्याच वस्तू हव्यात." परीक्षकांनी तार उचलून आपल्या टेबलावर यादीशेजारी ठेवली. रागानं नव्हे, नियम होता म्हणून. "सुरू करा."

निळी निघाली पॉइंट शून्य तीन. नारिंगी पॉइंट शून्य चार, आणि तिला अंगठा निसटता लागला होता हे त्याला कळलं. हिरवीला अंगठा पुरा फिरला. पॉइंट एक एक. लाल दिवा. त्यानं ती तोडून पुन्हा केली आणि श्वास कोंडून ठेवली, तेव्हा हिरवा झाला. दोन मुभांतली एक खर्ची पडली होती, आणि अजून नऊ रंग बाकी होते. असं श्वास कोंडून नऊ वेळा जमणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

तो हात मांडीवर ठेवून बसला. घड्याळ चालू होतं. आजूबाजूला मशीनचे बीप वाजत होते. शर्टाच्या काठाला अंगठा लावायचा विचार आला, पण कापडाचे तंतू लागले असते. टेबलाची कड जाड होती, ती अंगठ्यानं मानली नसती. पाहिजे होतं काहीतरी बारीक, लांब, धातूचं. आणि यादीतलं.

त्यानं किटमधला चिमटा उचलला. पुसला. कटरच्या डाव्या अंगाला चटईवर आडवा ठेवला.

तपकिरी काच सोलली, पुसली, छाटली. चिमट्याच्या दांड्यावरून अंगठ्याची फेरी. मग मशीन. पॉइंट शून्य दोन.

परीक्षकांनी मान वर केली. जॉइंटर दर जोडाला चिमट्यावरून अंगठा फिरवत होता. त्यांनी यादी बघितली. चिमटा यादीत चौथा होता. त्यांनी यादी खाली ठेवली.

राखाडी, पांढरी, लाल, काळी, पिवळी सगळ्या आत बसल्या. जांभळीला अंगठ्याचा काही दोष नव्हता, पण टोक तिरकं छाटलं गेलं आणि दिवा लाल झाला. दुसरी मुभाही गेली. जांभळी पुन्हा केली, जमली. आता दोन रंग राहिले आणि चुकायला जागा उरली नाही. गुलाबीच्या आधी त्यानं कटरचं पातं पुसलं, चष्मा पुसला आणि चिमट्यावरून अंगठा दोनदा फिरवला. पॉइंट शून्य एक. आकाशी शेवटची. पॉइंट शून्य पाच. हिरवा, पण काठावरचा. परीक्षकांनी वाकून आकडा पुन्हा वाचला आणि सही केली. दोन तास बेचाळीस मिनिटं झाली होती.

"हे तुमचं," म्हणून त्यांनी तांब्याची तार परत दिली. जॉइंटरनं ती खिशात टाकली. मॅडम म्हणाल्या, "आकाशीला घाई केलीत, सर."

"हो," तो म्हणाला. ते खरं होतं.

घरी जायला तो बाहेर जायच्या फाटकाकडे न जाता आत यायच्याच फाटकाकडे गेला. पलीकडचा स्टुलावर होता. त्यानं दुसरं स्टूलही उचलून स्वतःशेजारी आणून ठेवलं होतं.

"काय?"

"लागली."

"किती?"

"बारा."

पलीकडचा गप्प झाला. समोरासमोर त्यांचं नेहमी व्हायचं तसंच झालं. मग त्यानं दुसरं स्टूल पायानं ओढलं, त्यावर दोन्ही पाय टाकले आणि टेकून बसला.

"बरं झालं," म्हणाला. "पाय सुजतात माझे. उद्या कुठं?"

"चौकातला खड्डा."

"आणि पलीकडे कोण?"

"कुणी नाही. काचेला लागत नाही दुसरा माणूस. मशीन एकाच टोकावरून सांगतं, चार किलोमीटरवर काय चाललंय ते."

"म्हणजे दिवसभर तू आणि तो डबा."

"हो."

"मरशील," पलीकडचा म्हणाला आणि वही उघडली. "ह्या फाटकानं बाहेर जायचं नसतं. पण लिहितो."

दुसऱ्या दिवशी चौकातल्या खड्ड्यात जॉइंटरनं काचेची केबल उघडली. शेजारीच जुना तांब्याचा जोड होता, त्यानंच कधीतरी बंद केलेला. तो तसाच राहू दिला, तो तोडायला दुसरी टोळी येणार होती. त्यानं चटई पसरली, मशीन मांडलं, चिमटा आडवा ठेवला. चोवीस जोड दुपारपर्यंत झाले. शेवटी मापायचं यंत्र जोडलं, तर त्यानं काही क्षणांत पलीकडच्या टोकापर्यंतचं सगळं पडद्यावर आखून दाखवलं. कुठं वळण, कुठं जोड, किती अंतर. विचारायचं काही शिल्लकच राहिलं नाही.

त्यानं यंत्र बंद केलं. मग मोबाइल काढला आणि डेपोच्या फाटकावर फोन लावला.

"हॅलो," तिकडून गर्जना आली.

"पहिली?" जॉइंटर म्हणाला.

तिकडे ट्रकचा हॉर्न वाजत होता. कुणीतरी फाटक उघडा म्हणून ओरडत होतं.

"लागली," पलीकडचा म्हणाला. "पुढची बोल लवकर. माझ्याकडे गाडी उभी आहे."